रांजणाचं झाकण

अण्णांच्या शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे असले की आठवडाभर आधीपासून गाव कामाला लागायचं. तासगाव तालुक्यातली चार खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. भिंतींना चुना, अंगणात सडा, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार. आम्हा पोरांना पावकी-निमकीपासून तीसपर्यंतचे पाढे घोकून घेतलेले. ज्यांचे पाढे पक्के, ती पोरं बस्करपट्टीवर पुढे. ज्यांचे कच्चे, ती खांबाच्या आड.

एका वर्षी जे साहेब आले, त्यांनी पाढे ऐकलेच नाहीत. सायकल लावली, व्हरांड्यातल्या रांजणापाशी गेले, झाकण उचललं आणि बाही वर करून हात थेट तळापर्यंत घातला. बोटांना शेवाळ आलं. मग त्यांनी पाणी भरणाऱ्या मावशींना विचारलं, "हा घासता कधी?" मावशी म्हणाल्या, "सुट्टी असंल तवा." साहेबांनी पुढं विचारलं, "घासायला काथ्या, राख कोण देतं?" त्यावर कुणीच काही बोललं नाही. शेरेबुकात त्यांनी तीनच ओळी लिहिल्या, त्यातली एक रांजणाची होती.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आईला म्हणाले, "महिनाभर पोरांचे पाढे घोटवून घेतले. पोरं पाणी कशातनं पितात ते एकदाही वाकून बघितलं नाही मी."

मी तेव्हा तिसरीत होते. पुढे पदार्थविज्ञानात आले, न्यूट्रॉनच्या मागे लागले, आणि पन्नाशी उलटल्यावर एका अमेरिकन अणुभट्टीचा अहवाल वाचताना ते बाही वर केलेले साहेब डोळ्यांसमोर उभे राहिले.

न्यूट्रॉन कशाला लागतात, हे मला घरच्यांनी अनेकदा विचारलं आहे. मी त्यांना सांगते की क्ष-किरण अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन बघतात, त्यामुळे शिशासारखा जड अणू त्यांना ठसठशीत दिसतो आणि शेजारचा हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रकाशी बोलतो. त्याला हायड्रोजन दिसतो, ऑक्सिजन दिसतो, आणि स्वतः एक बारीकसा चुंबक असल्यामुळे पदार्थाच्या आतले चुंबकही कळतात. विजेचा भार नसल्यानं तो जाड पोलादातूनही आरपार जातो. पदार्थात अणू कुठे बसलेत हे या रीतीनं शोधणारे क्लिफर्ड शल आणि ते अणू कसे हलतात हे शोधणारे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांना 1994 साली नोबेल मिळालं. ब्रॉकहाउस यांचं काम कॅनडातल्या चॉक रिव्हरचं. आपले पी. के. अय्यंगार 1950च्या दशकात त्यांच्याजवळ शिकून आले आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी ही विद्या रुजवली. माझ्या पिढीतले बहुतेक न्यूट्रॉनवाले त्या रोपाच्याच फांद्या.

मी पीएचडीसाठी फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची भुकटी बनवत होते. क्ष-किरणांना चिमूटभर पुरते, न्यूट्रॉनला आठ-दहा ग्रॅम लागते. कारण न्यूट्रॉन मोजकेच असतात आणि पदार्थाशी त्यांची गाठ क्वचित पडते. आठ-दहा ग्रॅम म्हणजे भट्टी पुन्हा पुन्हा लावणं, आणि भट्टी बाराशे अंशांवर असताना वीज गेली की सगळं पहिल्यापासून. शेवटी एकदाची भुकटी काचेच्या कुपीत भरली, कुपी रुमालात गुंडाळली आणि एसटीनं मुंबई गाठली. चेंबूरहून बस, मग फाटकावरचा पास, मग छातीला लावायचा बॅज. आत गेल्यावर खाडीपलीकडे घारापुरी दिसते आणि अलीकडे सायरस अणुभट्टीचा घुमट आणि ध्रुव.

ध्रुव ही 100 मेगावॉटची अणुभट्टी. 8 ऑगस्ट 1985 रोजी ती प्रथम क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात अणू फुटण्याची साखळी आपली आपण चालू राहिली. नैसर्गिक युरेनियमचं इंधन, जड पाणी, सगळं आपल्या लोकांनी रचलेलं. पण पूर्ण शक्तीला पोचायला तिला जानेवारी 1988 उजाडावा लागला. कारण अगदी साधं वाटावं असं होतं. थंड करणाऱ्या पाण्याच्या वेगानं इंधनाच्या कांड्या आपल्या जागी थरथरत होत्या, घासल्या जात होत्या. कांडी जागेवर घट्ट राहील अशी रचना शोधायला दोन-अडीच वर्षं गेली. मी गेले तेव्हा ही गोष्ट तिथले वयस्क तंत्रज्ञ घरातल्या आजारपणाची आठवण सांगावी तशी सांगत. कोणत्या रात्री काय ऐकू आलं, कुणाला आधी शंका आली, सगळं तोंडपाठ. भुकटी व्हॅनेडियमच्या नळकांड्यात भरून मी स्पेक्ट्रोमीटरवर लावली आणि दोन दिवस एकेक बिंदू साठताना बघत बसले. शेजारी बसलेल्या तंत्रज्ञ काकांनी मला न्यूट्रॉनबद्दल जे शिकवलं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पंपाचा आवाज बदलला की ते बोलता बोलता थांबायचे, कान द्यायचे आणि मग वाक्य पुरं करायचे.

नंतरच्या काळात अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला जायला मिळालं. तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीच्या आवारात न्यूट्रॉन संशोधन केंद्र आहे. आम्ही सगळे त्या संस्थेला निस्टच म्हणतो. तिथली अणुभट्टी 7 डिसेंबर 1967 रोजी क्रांतिक झालेली. शक्ती 20 मेगावॉट, पण समृद्ध युरेनियममुळे गाभा आटोपशीर, फक्त तीस इंधन-घटकांचा. शेजारी तेव्हा उणे 253 अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन. त्यात न्यूट्रॉन थंड, संथ होतात आणि काचेच्या गुळगुळीत नळ्यांमधून लांबवरच्या दालनात येतात. त्या दालनात उभं राहिलं की एखाद्या मोठ्या छापखान्यात आल्यासारखं वाटतं. यंत्रांच्या रांगा, आणि प्रत्येकापाशी जगाच्या वेगळ्या कोपऱ्यातून आलेलं कुणीतरी आपापली कुपी घेऊन. प्रथिनं, बॅटऱ्या, सिमेंट, चुंबक. बीमटाइमसाठी, म्हणजे न्यूट्रॉनच्या झोतावर वेळ मिळावा म्हणून, अर्ज करायचा, तज्ज्ञांनी तो तपासायचा, आणि मागणी इतकी की चांगले अर्जही परत जायचे.

या केंद्राचं मूल्यमापन बाहेरचे तज्ज्ञ करतात. निस्टच्या प्रयोगशाळा तपासण्याचं काम अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज 1959 पासून करत आल्या आहेत. संस्थेचं तेव्हाचं नाव वेगळं होतं. विद्यापीठांतले, उद्योगांतले, इतर न्यूट्रॉन केंद्रांतले नामवंत लोक बिनमोबदला येतात, दोन-तीन दिवस राहतात, भाषणं ऐकतात, यंत्रं बघतात आणि अहवाल लिहितात. तो अहवाल कुणालाही वाचता येतो. या केंद्रासाठी अशी समिती 2018 मध्येही बसली होती. त्यांना विचारलेले प्रश्न ठरलेले असतात. संशोधनाचा दर्जा जगाच्या तुलनेत कसा आहे? माणसांची तज्ज्ञता पुरेशी आहे का? इमारती, उपकरणं, मनुष्यबळ कामाला पुरेसं आहे का? आणि केलेलं काम लोकांपर्यंत पोचतं का?

प्रश्न चांगले आहेत. असे प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी परक्यांकडून स्वतःला विचारून घेणारी संस्था मला मनापासून आवडते. आपल्याकडे किती ठिकाणी हे होतं? तरीही, त्या प्रश्नांची उत्तरं ज्या खोलीत बसून मिळतात ती खोली सभागृह असते. समोर पडदा असतो, पडद्यावर शोधनिबंधांचे आलेख असतात, आणि ते खरेच उत्तम असतात.

3 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी नऊच्या सुमारास गेदर्सबर्गची अणुभट्टी इंधन बदलानंतर पुन्हा सुरू होत होती. शक्ती वाढत असतानाच धुराड्यातल्या मापकांनी किरणोत्सर्ग दाखवला आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली. 'अलर्ट' जाहीर झाला. काही कर्मचाऱ्यांच्या अंगावर किरणोत्सर्गी कण आले होते, त्यांना धुऊन-तपासून घरी पाठवलं. आवाराबाहेर पोचलेली मात्रा मर्यादेच्या पुष्कळ खाली होती. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण आत, तीसपैकी एका इंधन-घटकाचा काही भाग वितळला होता.

कारण कडी. दुसरा शब्द मला सुचत नाही. प्रत्येक इंधन-घटकाच्या डोक्यावर एक आडवी पट्टी असते. घटक जागेवर सोडला की वरून लांब दांड्यानं ती पट्टी फिरवायची, म्हणजे ती जाळीखाली अडकते आणि घटक हलत नाही. आपण माजघराच्या दाराची कडी फिरवतो तसंच, फक्त कित्येक फूट खोल आणि डोळ्यांआड. हाताला जाणवेल त्यावर आणि मोजमापावर विसंबायचं. जानेवारीच्या सुरुवातीला इंधन बदललं, तेव्हा एक घटक नीट अडकला नाही. पंप सुरू झाल्यावर पाण्याच्या जोरानं तो जागचा उचलला गेला, त्यातून जायचं ते पाणी बाजूनं गेलं, आणि थंडावा न मिळाल्यानं तापमान इंधनावरच्या धातूच्या आवरणाला ठरवून दिलेल्या 450 अंशांच्या मर्यादेपलीकडे गेलं.

हे वाचलं तेव्हा ध्रुवच्या थरथरणाऱ्या कांड्या आठवल्या. तिकडे कांडी जागेवर राहत नाही हे कुणाच्या तरी कानाला कळलं होतं. इकडे महिनाभर कुणाला कळलं नाही.

त्यानंतर जे झालं त्याचं मला अतिशय कौतुक वाटतं. संस्थेनं स्वतःची मूळ कारणं शोधली आणि ती लपवली नाहीत. चालकांचं प्रशिक्षण गरजेएवढं नव्हतं. कडी अडकल्याची खात्री करण्याच्या सगळ्या पायऱ्या लेखी कार्यपद्धतीत नव्हत्या. जे लिहिलेलं होतं तेही काटेकोर पाळलं जातंय का, हे कुणी बघत नव्हतं. खात्री करायची हत्यारं अपुरी होती. आणि इंधन बदलताना कोण हजर असावं, किती अनुभवाचं असावं, यावर वरिष्ठांचं लक्ष कमी पडलं. नियामक असलेल्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशननं आपली स्वतंत्र तपासणी केली आणि 2022 मध्ये आदेश काढला. दोन वर्षं अणुभट्टी बंद राहिली. पुन्हा सुरू करायची परवानगी मार्च 2023 मध्ये मिळाली, आणि आता कडी अडकली की नाही हे कॅमेऱ्यानं डोळ्यांना दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं आहे.

ही पाच कारणं मी कितीतरी वेळा वाचली. त्यातलं एकही विज्ञानाचं नाही. पाचही रांजणाच्या तळाची. अनुभवी हात निवृत्त होतात, त्यांच्या बोटांत जे असतं ते कागदावर उतरलेलं नसतं, आणि नव्या माणसाला कागदच मिळतो. "मनुष्यबळ पुरेसं आहे का?" हा प्रश्न समितीच्या यादीत असतो हो. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका तक्त्यातून येतं, आणि तक्त्यात माणसं मोजलेली असतात, बोटं नसतात.

समितीतल्या लोकांना मी दोष देत नाही. कारण मी स्वतः तशा समितीत बसले आहे.

दुसऱ्या एका देशातलं केंद्र होतं, नाव सांगत नाही. तीन दिवस आमची उत्तम सरबराई झाली. भाषणं, पोस्टर, संध्याकाळी तरुण संशोधकांशी गप्पा. दुसऱ्या दिवशी यंत्रं बघायला नेलं. एका क्रायोस्टॅटपाशी, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या उपकरणापाशी, पांढऱ्या केसांचा एक तंत्रज्ञ उभा होता. मी सहज विचारलं, हे कोण सांभाळतं? तो म्हणाला, "मी आणि माझा सोबती. दोघंही या वर्षी निवृत्त होतोय." त्याला आणखी काही सांगायचं होतं, कारण तो हात पुसत एक पाऊल पुढे आला होता. तेवढ्यात यजमानांनी घड्याळ बघितलं आणि आम्ही पुढच्या यंत्राकडे निघालो. माझ्या वहीत त्या पानावर डिटेक्टरची कार्यक्षमता लिहिलेली आहे. त्याचं वाक्य नाही. चाळीस पानांच्या अहवालात मी माझा भाग मन लावून लिहिला, लोकांनी वाखाणलाही. वर्षभरानं कळलं की तो क्रायोस्टॅट आठ महिने बंद पडून होता, कारण त्याची एक झडप कशी उघडायची ते माहीत असलेलं कुणी उरलं नव्हतं. फार मोठं नुकसान झालं असं नाही. काही विद्यार्थ्यांची वर्षं लांबली. पण त्या माणसानं पुढे टाकलेलं ते पाऊल अजून माझ्या झोपेत येतं.

आणि न्यूट्रॉनच्या बाबतीत वर्षं वाया जाणं परवडत नाही. चॉक रिव्हरची अणुभट्टी 31 मार्च 2018 रोजी कायमची बंद झाली. फ्रान्समधली ऑर्फे आणि बर्लिनची बीईआर-2, दोन्ही 2019 मध्ये थांबल्या. आपली सायरस 2010च्या अखेरीला. अमेरिकेत लाँग आयलंडवर ब्रुकहेवनला एक सुंदर न्यूट्रॉन अणुभट्टी होती. 1997 मध्ये इंधन साठवायच्या तळ्यातून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, झिरपल्याचं उघड झालं. झिरपणारं तळं, त्याची वेळेवर न झालेली तपासणी, मग शेजारच्या लोकांचा गेलेला विश्वास, आणि 1999 मध्ये ती अणुभट्टी पुन्हा सुरू करायची नाही असा निर्णय. तिथलं विज्ञान पहिल्या दर्जाचं होतं. तळ्याकडे बघायचं राहिलं होतं.

बाहेरचा माणूस कशाला, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. घरातलं घरातल्यांनाच जास्त कळतं, हे खरंही आहे. पण शेवाळ रोज थोडं थोडं चढतं आणि रोज बघणाऱ्या डोळ्याला ते दिसेनासं होतं. म्हणून मला एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. 1983 मध्ये आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं, पण 2000 साली भाभा केंद्रातल्या सुविधांची सुरक्षा-देखरेख त्या मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत परिषदेकडे दिली गेली. त्या परिषदेतली माणसं जाणती असणार, याबद्दल मला शंका नाही. ज्या संस्थेनं मला घडवलं तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तिथल्या काही गोष्टी गुप्त राहायला हव्यात, तेही समजतं. पण ध्रुवच्या बीमवर देशभरातल्या विद्यापीठांतली पोरं कुप्या घेऊन येतात, तो भाग तर उघडा आहे. त्या भागाचं मूल्यमापन करायला दर काही वर्षांनी बाहेरची, परकी, कुणाची मिंधी नसलेली माणसं यावीत, त्यांचा अहवाल छापला जावा आणि तो माझ्यासारखीला तासगावच्या वाचनालयात बसूनही वाचता यावा, असं मला फार वाटतं. ध्रुवला आता चाळीस वर्षं झाली. पंपाचा आवाज ऐकणारे काका तर केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्या जागेवर जो कुणी बसत असेल, त्याला काय काय ऐकायला शिकवलंय, हे कुणीतरी जाऊन विचारायला हवं.

गेल्या वर्षी पुन्हा एका समितीचं बोलावणं आलं. कार्यक्रमपत्रिका नेहमीसारखी, नऊ ते पाच भाषणं. मी कळवलं की मला एक रात्र हवी आहे, रात्रपाळीच्या लोकांबरोबर, वरिष्ठ नसताना. उत्तर यायला चार दिवस लागले, पण आलं.

रात्री साडेदहाला एका तरुण चालकानं मला सरावाच्या जागी नेलं. तिथे खऱ्या मापाचा एक नकली गाभा पाण्यात बसवलेला होता. आधी तो बिचकत होता, मोजकं बोलत होता. त्याला कुणी शिकवलं हे विचारल्यावर मोकळा झाला. एका बाईंनी शिकवलं म्हणाला, सहा महिने, रोज, आणि पहिला महिनाभर त्यांनी त्याला दांड्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता, नुसतं बघायला लावलं. त्या बाई आता नाहीत कामावर. त्यांचं बोलणं त्यानं एका वहीत उतरवून ठेवलंय. वही त्याच्या खणात असते. केंद्राच्या दप्तरात ती नाही. मी विचारलं, वही बघू का? त्यानं दाखवली. डावीकडच्या पानांवर चित्रं, उजवीकडे वाक्यं, काही ठिकाणी चहाचे डाग. मी परवानगी घेऊन त्या वहीबद्दल माझ्या टिपणात पहिल्याच ओळीत लिहिलं.

मग त्यानं दांडा माझ्या हातात दिला. माझ्या अंदाजापेक्षा जड होता. पाण्यात खाली काही दिसत नव्हतं, नुसता निळसर अंधार. टोक पट्टीवर टेकलं, मी हलकेच फिरवलं, आणि कुठेतरी खाली काहीतरी थांबल्यासारखं झालं. मी म्हटलं, "बसली."

तो काही बोलला नाही. त्यानं कॅमेरा खाली सोडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पट्टी जाळीच्या कडेला टेकून अर्ध्यातच अडली होती.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि मी दांडा सैल केला.